अर्धा दिवस कोणाला पुरतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अलेक्झांड्रियावरचा लेख वाचता वाचता हातातला चहा गार झाला. ‘कैरोहून सकाळी निघावे, अर्धा दिवस पुरतो, तसे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही.’ हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे, आमच्या इजिप्तच्या सहलीत बसमधल्या माइकवरून, अगदी याच चालीत. लेखकमहाशय स्वतः तिथे गेले होते की टूरवाल्यांचे माहितीपत्रक समोर ठेवून बसले होते, हे आपणच विचारून घ्यावे.

कैरो-अलेक्झांड्रिया अंतर सव्वादोनशे किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्येच. त्यात आमच्या टूरवाल्यांनी वाटेत पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीपासून करायच्या प्राचीन कागदाचे, दुकान घातले. तिथल्या मुलाने देठाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या मांडून, दाबून कागद कसा होतो ते दाखवले. ते पाच मिनिटांचे काम. उरलेला तासभर आमची मंडळी आपापली नावे चित्रलिपीत लिहून घेत होती.

मग शहरात शिरताच पळापळ. लेखात ज्याला ‘पॉम्पीच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ’ म्हटले आहे, तिथे वीस मिनिटे. रोमन सेनापती पॉम्पीचा त्या खांबाशी काडीचा संबंध नाही. तो बिचारा इ. स. पू. ४८ मध्येच इजिप्तच्या किनाऱ्यावर मारला गेला. खांब उभा राहिला इ. स. ३०० च्या सुमारास, सम्राट डायोक्लेशियनसाठी, आणि पायथ्याच्या ग्रीक लेखात त्याचेच नाव आहे. पॉम्पीचे नाव मध्ययुगातल्या युरोपीय प्रवाशांनी चिकटवले. त्यांच्याजवळ इंटरनेट नव्हते, आपल्या लेखकाजवळ असावे.

पण माझे खरे दुखणे वेगळेच आहे. तिथून बसने पाच-सात मिनिटांवर कोम एल-शुकाफाची भुयारी दफनभूमी आहे. १९०० साली एक गाढव खड्ड्यात पडले आणि ती सापडली, असे सांगतात. माझ्या पत्नीने शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला. त्या भुयारातला अनुबिस, म्हणजे इजिप्तचा मृतांचा देव, तोंड कोल्ह्याचे आणि अंगावर रोमन शिपायाचे चिलखत, एकदा डोळ्यांनी पाहायचा म्हणून तिने हा दौरा निवडला होता. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलेले होते. बस फाटकासमोर थांबली. तिकिटाची खिडकी दिसत होती. टूर लीडरने घड्याळ पाहिले, आमच्या पांढऱ्या केसांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “काका, काकू, खाली खूप जिने आहेत हं. आणि जेवण सांगून ठेवलंय, गार होईल.” बस पुढे निघाली. हिने वही पिशवीत ठेवली, काही बोलली नाही.

जेवण काय होते, तर जिरा राइस आणि मटार पनीर. भूमध्य समुद्राच्या काठावर, जिथे गल्लीगल्लीत ताजी मासळी भाजतात! गंमत अशी की त्या भुयारात जेवणाचे दालन आहे. मयताचे नातलग तिथे येऊन दगडी बाकांवर लवंडून जेवत, आणि ती भांडी घरी परत न नेता तिथेच फोडून टाकत. कोम एल-शुकाफा, म्हणजे ‘खापरांची टेकडी’, हे नाव पडले ते त्यामुळेच. जेवणासाठी आम्ही जे चुकवले, तिथे लोक जेवायलाच येत!

‘फारसे उरलेले नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: कोम एल-दिक्काची संगमरवरी पायऱ्यांची रोमन रंगशाळा आहे, शेजारी व्याख्यानगृहांच्या ओळी आहेत. पंधराव्या शतकातला काइतबे किल्ला जुन्या दीपस्तंभाच्या जागेवर उभा आहे. आम्ही तो बसच्या काचेतून पाहिला. आमच्या शेजारच्या कल्याणचे आणि सोपाऱ्याचे नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात येते. आपल्याकडचा माल तांबड्या समुद्रातून, नाईलवरून या बंदराला जाई. मराठी पुरवणीत ही एक ओळ तरी यायला हरकत नव्हती.

तक्रार केली तेव्हा टूर कंपनीने ‘पुढील सहलीवर सवलत’ देऊ केली. अर्थातच कैरोची.

जाता जाता: एकाच लेखात ‘अलेक्झांड्रिया’, ‘अलेक्सांड्रिया’ आणि ‘अॅलेक्झांड्रिया’ अशी तीन शहरे झाली आहेत. मुद्रितशोधक सुट्टीवर आहेत का? आणि मागच्या रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर कालही छापलेले नाही. उभे १४ अजून अडलेले आहे.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)