चित्रकाराचंही नाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदा पाऊस उघडल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढली. बाबांनी जपलेले जुने दिवाळी अंक होते, निम्म्यांना कसर लागलेली. एका अंकात कथेसोबत पानभर रेखाचित्र सापडलं. माणसं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतायत आणि जाळ्यात मासळीऐवजी अख्खी वाडी आलीय! कौलारू घरं, तुळशीवृंदावन, रहाटाची विहीर, अंगणात झोपलेलं कुत्रं. समुद्र काढलेलाच नाही, नुसता कोरा कागद. तरी पाणी दिसतं. ओढणाऱ्यांच्या पाठींवर टाकाच्या तिरप्या रेघा आहेत, आणि जिथे जोर लागतो तिथे त्या एकीवर एक दाट होत जातात. माझा जन्म मालवणात गेला, रापण लहानपणापासून बघतोय. पण टाच वाळूत रुतवून दोरावर मागे रेलणारा माणूस इतका नेमका मी कागदावर कधी पाहिला नव्हता.

सही कोपऱ्यात होती, ती नेमकी कसरीनं खाल्ली. अनुक्रमणिका चाळली. लेखक आहे, मुद्रक आहे, जाहिरातदारांची वेगळी सूची आहे. चित्रकार कुठेच नाही.

ब्लॉकच्या, म्हणजे धातूच्या ठशाच्या छपाईत रेघेच्या चित्राला फोटोसारखी जाळीच्या ठिपक्यांची गरज नसे, हलक्या कागदावरही ते स्वच्छ उठे. म्हणून त्या काळचे अंक अशा चित्रांनी भरलेले असत. पेशाने इंजिनिअर असलेले वसंत सरवटे किंवा शेजारच्या गोव्यातल्या लोटलीचे मारियो मिरांडा यांची रेघ आपण सहीशिवायही ओळखतो. पण बाकीच्यांचं काय? राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फार पूर्वी कुणीतरी भलाथोरला हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगातच कितीतरी इतर प्राणी. ही कल्पना कुणाची, हे आता कळायला मार्ग नाही. छापील अंकातल्या चित्रकाराची तीच गत व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या रविवार पुरवणीतही कथाचित्रांखाली नाव नसतं. लेखकाच्या नावाशेजारी, त्याच टाइपात, चित्रकाराचंही छापावं, आणि जागेसाठी चित्र कापताना सही तरी कापू नये, ही कळकळीची विनंती.

रापणीतल्या वाडीचं ते चित्र कुणाच्या ओळखीचं असेल, तर त्यांनी याच सदरात कळवावं. अंकाचं ते पान मी वेगळं काढून ठेवलंय. खाली पेन्सिलीनं नाव लिहायचंय.

– एक वाचक, मालवण