गोळी सुटल्यानंतर टीव्ही काय दाखवत नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, इथल्या टीव्हीवरचा हरणाच्या शिकारीचा कार्यक्रम पाहून तुम्ही विचारलंत, की दर वेळी एवढा मोठा नर समोर येतो कसा आणि गोळी लागताच पडतो कसा. आई, तू विचारलंस की त्या मांसाचं पुढे काय होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कार्यक्रमात क्वचितच मिळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्यातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आपल्या चितळाच्या अंगलटीचं. नराची शिंगं सांबरासारखी दरवर्षी गळतात आणि नवी येतात. टीव्हीवरचा नर पाच-सहा वर्षांचा असतो आणि बहुधा खासगी जमिनीवरचा. तिथे हरणांसाठी मुद्दाम क्लोव्हर नावाचा चारा, सलगम पेरलेलं असतं. झाडांना महिनोन् महिने कॅमेरे बांधलेले असल्यामुळे कुठला नर कोणत्या वाटेने येतो हे आधीच ठाऊक असतं. टेक्सासात तर काही ठिकाणी उंच कुंपणाच्या आतच शिकार चालते.

साध्या शिकाऱ्याकडे असतो सरकारी जंगलाचा एखादा कोपरा आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारपासूनचे बंदुकीचे ९ दिवस, तेही रजा मिळेल तेवढेच. त्याच्यासमोर येतात त्या माद्या आणि दीड वर्षाचे नर. मादी मारण्यात इथे कमीपणा नाही. तिचे परवाने जिल्हावार वेगळे निघतात, कारण हरणं वाढली की जंगलात झाडांची कोवळी रोपं उरत नाहीत, आणि संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्याच कमी कराव्या लागतात. शिंगांच्या मागे लागलेल्या कार्यक्रमांत हे येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बसून राहणं तर पूर्णच कापलेलं असतं. मचाण जमिनीपासून साधारण ५ मीटरवर. चढताना पट्टा झाडाला बांधलेला हवा, आणि बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढायची. शिकारीच्या दिवसांत झाडावरून पडून होणारे अपघात पुष्कळ असतात. वर बसलं की सगळा खेळ वाऱ्याचा, कारण वाऱ्यावरून हरणाला माणसाचा वास लागतो. ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. म्हणून सकाळची चांगली जागा संध्याकाळी वाया जाते. कार्यक्रमात अंगाचा वास घालवणाऱ्या फवाऱ्याची जाहिरात असते, पण वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत असेल तर कुठलाही फवारा पुरत नाही.

आता गोळी. नेम धरायचा तो पुढच्या पायामागे, फुफ्फुसं आणि हृदय असतं तिथे. ही जागा जेमतेम २० ते २५ सेंटिमीटरची. हरीण आडवं उभं असावं किंवा किंचित पलीकडे वळलेलं. तोंड आपल्याकडे असेल तर थांबायचं. टेकडीच्या माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसलं तरी थांबायचं, कारण चुकलेल्या गोळीला अडवायला मागे माती नसते.

बाबा, तुम्ही विचारलेलं पडणं इथे येतं. फुफ्फुसांत नीट गोळी लागलेलं हरीणही बऱ्याचदा ५०-१०० मीटर पळतं. टीव्हीवर गोळी, जल्लोष आणि शिंगं धरून फोटो हे लागोपाठ दिसतं. मधला वेळ कात्रीत गेलेला असतो. प्रत्यक्षात जागेवरून हलायचं नाही. हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवायचं, अर्धा तास थांबायचं, मग रक्त बघायचं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, तिथे काही तास थांबावं लागतं. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर गोळी पोटात लागली, तेव्हा सहा-आठ तास तरी मागे जायचं नाही. घाई केली की जखमी हरीण बसल्या जागेवरून उठतं, मैलभर जातं आणि मग सापडत नाही. टीव्ही बघून शिकलेला नवखा इथेच चुकतो, आणि त्याची किंमत ते जनावर तडफडून मोजतं.

सापडलं की लगेच पोट उघडून आतडी काढायची. सुरी उथळ चालवायची, नाहीतर आतडं किंवा मूत्राशय फुटून मांस नासतं. पोकळी उघडी ठेवून मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली न्यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत सरकारदरबारी नोंद करावी लागते.

आई, जिवंतपणी ६५-७० किलोच्या हरणाचं हाडं काढल्यावर साधारण २२ ते २५ किलो मांस होतं. ते विकायला कायद्याने बंदी आहे. घरी खातात, वाटतात किंवा गरजूंच्या अन्नवाटपाला देतात. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हरणांच्या मेंदूचा एक रोग सापडला. तो शिजवून मरत नाही, आणि रोगी हरीण वरून ठणठणीतही दिसू शकतं. माणसाला तो झाल्याचं सिद्ध नाही, तरी मानेतल्या गाठी तपासायला देऊन निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवावं, आणि रोग निघाला तर खाऊ नये.

पाठीचं मांस तव्यावर झटपट होतं, पायाचं मटणासारखं मंद आचेवर रश्श्यात. फक्त हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती आधी पूर्ण काढून टाकायची.

तुमची लेक