अभ्यासिकेच्या संगणकांसाठी मदतीचे आवाहन

सर्व सभासद, विद्यार्थी, पालक आणि गावाबाहेर राहणारे हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत २०१६ साली लोकवर्गणीतून घेतलेले सात संगणक आहेत आणि सातही संगणकांवर विंडोज १० ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून या सिस्टीमचे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. त्या दिवशी आपला एकही संगणक बंद पडला नाही, त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू द्या’ असे मत कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मांडले गेले. ते मत उडवून लावण्यासारखे नव्हते, कारण लोकांच्या पैशातून आलेली वस्तू मोडीत काढताना दहा वेळा विचार करायलाच हवा. तरीही मंडळाने बदल करण्याचा निर्णय घेतला.

घरच्या संगणकाचा धोका पत्करायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. अभ्यासिकेतील संगणकाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. येथे बसून मुले एमपीएससीचे आणि पोलीस भरतीचे अर्ज भरतात, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी नोंदणी करतात, आणि प्रत्येक वेळी आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, पासवर्ड त्याच कळफलकावर टंकतात. अपडेट थांबल्यावर सिस्टीममध्ये सापडणाऱ्या नव्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, आणि त्या त्रुटींची माहिती भामट्यांना मात्र मिळत राहते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांची सिस्टीम इतकी जुनी होती की तिला ती मिळालीच नव्हती, ते सापडले. विश्वासाने येथे बसणाऱ्या मुलांना अशा जागी बसवणे आम्हाला मान्य नाही.

पैसे भरून विंडोज १० चे अपडेट पुढे चालू ठेवता येतात, परंतु संस्थांसाठी त्याचा जाहीर दर पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनंतर तीही सोय संपते. हा खर्च पाण्यात घातल्यासारखा होईल. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपले प्रोसेसर सहाव्या पिढीचे आहेत. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण तशा संगणकांना पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून सार्वजनिक ठिकाणी तो मार्ग आम्ही नाकारला.

त्यामुळे सातपैकी सहा संगणक ठेवून त्यांवर लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम बसवायची, असे ठरले आहे. तिच्या २२व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहे, आणि अभ्यासिकेतील बहुतेक काम ब्राउझरमध्येच होत असल्याने मुलांना फार नवे शिकावे लागणार नाही. केरळमधील सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. प्रिंटर आणि स्कॅनरची काही सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालतात, त्यासाठी सातव्याच्या जागी विंडोज ११ चालेल असा एक संगणक हवा आहे.

खरी अडचण ग्रंथनोंदणीच्या आठव्या संगणकाची आहे. त्यावर विंडोज ७ आहे, तो इंटरनेटला जोडलेला नाही, आणि त्यातील सर्व पुस्तकांची यादी युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरे सारखीच दिसावीत यासाठीची प्रमाण पद्धत) काळातील मराठी फाँटमध्ये टंकलेली आहे. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘कादंबरी’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. यादी युनिकोडमध्ये येईपर्यंत तो संगणक आहे तसाच, इंटरनेटपासून दूर, ठेवला जाईल. त्यानंतर ती कोहा या मोफत ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची आहे. फाँट बदलणारी साधने जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, म्हणून प्रत्येक नोंद माणसाच्या डोळ्यांखालून जायला हवी.

यासाठी मदत हवी आहे. सहा संगणकांना प्रत्येकी एक एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आणि ८ जीबीपर्यंत रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) घ्यायची आहे. आलेली कोटेशन ग्रंथपालांकडे कोणालाही पाहता येतील. आपल्या कार्यालयातून बदलून निघालेला, पण विंडोज ११ चालणारा संगणक असल्यास तोही चालेल. त्याहून जुने संगणक कृपया पाठवू नयेत, कारण त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च वाचनालयावर पडतो. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या गावकऱ्यांनी सुट्टीत आल्यावर दोन दिवस दिले, तर सिस्टीम बसवण्याची मजुरी वाचेल. आणि ज्यांना शुद्धलेखनाची चांगली जाण आहे, अशा निवृत्त शिक्षकांनी यादी तपासण्यासाठी आठवड्यातून एक दुपार द्यावी, ही त्यांना खास विनंती आहे.

देणगी धनादेशाने वाचनालयाच्या नावे द्यावी किंवा वाचनालयाच्या वेळेत समक्ष भरून पावती घ्यावी. जमा आणि खर्च यांचा तपशील दर महिन्याला सूचना फलकावर लावला जाईल.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ,
सार्वजनिक वाचनालय व अभ्यासिका