डीआर६५०चा पाचवा गिअर

पुणे

प्रिय सुहास,

पर्थहून ॲडलेडला जायच्या आधी तुझ्या सुझुकी डीआर६५० मोटरसायकलचा टॉप, म्हणजे पाचवा गिअर बदलायचा म्हणतोस. जरूर बदल, पण कशासाठी ते आधी पक्कं कर. हायवेवर इंजिन शांत चालावं एवढंच हवं असेल, तर इंजिन उघडायचं कारणच नाही. पुढचं स्प्रॉकेट (इंजिनाकडचं, चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ऐवजी १६ दातांचं लाव, तासाभरात काम होतं. पाचव्याची, एकमेकांत बसणाऱ्या दोन गिअरची जोडी बदलण्याचा खरा फायदा वेगळा आहे. तिच्यामुळे पुढचं स्प्रॉकेट लहान करून पहिला गिअर रेतीसाठी हळू करता येतो, आणि तरी हायवेवर आरपीएम वाढत नाहीत.

हिशेब मांडून दाखवतो. चौथा गिअर २१/२१ आणि पाचवा १९/२३, दोन्हीकडे दातांची बेरीज ४२. हे गिअर ज्या दोन शाफ्टवर बसतात त्यांच्यातलं अंतर क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) कायमचं ठरलेलं असतं, त्यामुळे दातांचा आकार तोच ठेवला तर बेरीजही ४२च ठेवावी लागते. म्हणजे पुढची पायरी १८/२४. रेशो ०.८२६वरून ०.७५० होतो, आरपीएम नऊ टक्के उतरतात. त्याच्या पुढची पायरी १७/२५, म्हणजे ०.६८. तिच्या वाटेला जाऊ नकोस. चौथ्यातून पाचव्यात जाताना इंजिन एकदम ३२ टक्के खाली पडेल आणि समोरून वारा आला की गाडी ओढणारच नाही.

मागच्या १२०/९०-१७ टायरचा घेर दोन मीटर धर. ११० किमी वेगाला मूळ गाडी सुमारे ४,७७० आरपीएमवर असते. १६चं स्प्रॉकेट लावलं तर ४,४७०, पण मग पहिला गिअरही लांबतो आणि रेतीत क्लच जळतो. नवा पाचवा आणि जुनं १५चं स्प्रॉकेट, तर ४,३३०. नवा पाचवा आणि १४चं स्प्रॉकेट घातलंस तर ४,६४०, म्हणजे मूळपेक्षा कमीच. शिवाय पहिल्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला गाडी जवळपास १६ऐवजी पावणेपंधरा किमीने चालते. मला विचारशील तर तुझ्यासाठी हीच जोडणी योग्य. डीआरचं स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतं, त्यामुळे आकडा चुकत नाही. फक्त १४चं स्प्रॉकेट लावल्यावर चेन स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला जास्त घासते, ती पट्टी झिजली नाही ना ते बघत राहा.

आता काम. क्रँककेस उभी दुभंगते, म्हणून गिअरपर्यंत बाजूने हात पोचत नाही. इंजिन फ्रेममधून उतरवायचं; हेड, सिलिंडर, पिस्टन काढायचे; डावीकडचा मॅग्नेट पुलरने आणि उजवीकडचा क्लच आपल्या टूलने. कोणत्या नटाचे आटे उलटे आहेत ते जोर लावण्याआधी मॅन्युअलमध्ये पाहा. बॅलन्सरच्या (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या फिरत्या वजनाच्या) खुणांचा फोटो काढून ठेव. केस वेगळी करायला सेपरेटरच वापर. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घातलास की तिथून आयुष्यभर तेल गळेल.

दोन्ही शाफ्ट, फोर्क (गिअर सरकवणारे काटे) आणि ड्रम (ते काटे हलवणारा खाचांचा दंडगोल) एकत्रच बाहेर निघतात. टेबलावर स्वच्छ कापड पसरून प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमाने, त्याच बाजूने मांड. बहुतेकांची चूक इथेच होते. एक वॉशर इकडचा तिकडे झाला की गिअर अर्धाच बसतो आणि ओझं पडलं की उडतो. सर्क्लिप (गिअर शाफ्टवर जागेवर धरणाऱ्या कड्या) सगळ्या नव्या घाल, जुन्या ताणून परत बसवू नकोस. सर्क्लिपची धारदार कड ज्या बाजूने दाब येतो त्याच्या विरुद्ध बाजूला हवी, म्हणजे ती खाचेत घट्ट टेकते. बुशचं (गिअरच्या आतल्या नळीचं) तेलाचं भोक शाफ्टच्या भोकाशी जुळव. ते झाकलं गेलं तर नवा गिअर कोरडा फिरून चिकटेल.

जोडीतले दोन्ही गिअर एकदमच बदलायचे. २४चा गिअर मूळ २३पेक्षा व्यासाने मोठा आहे, त्यामुळे शेजारचा फोर्क आणि केसची भिंत यांच्यापासून तो सगळीकडे मोकळा फिरतो का ते हाताने फिरवून पाहा. पूर्ण फेऱ्यात कुठे आवळला, तर तो बसवू नकोस. जोडी परत पाठव. इंजिन उघडलंच आहे तर तिसऱ्या गिअरचे दात भिंगाने तपास आणि सगळ्या डॉगच्या (शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यांच्या) कडा गोल झाल्या नाहीत ना तेही बघ.

केस बंद करण्याआधी शाफ्ट फिरवत ड्रम पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि परत आण. बंद करून बोल्ट टॉर्क रेंचने आवळल्यावर पुन्हा तेच कर. अडलं तर लगेच उघड, ‘चालवल्यावर मोकळं होईल’ असं होत नसतं.

क्लचमागच्या न्यूट्रल स्विचचे दोन छोटे स्क्रू मात्र विसरू नकोस. डीआरमध्ये ते सैल होऊन इंजिनात पडतात हा जुना दोष आहे, आणि पडलेला स्क्रू गिअरमध्ये अडकला की सगळी मेहनत पाण्यात. डोक्याला भोक असलेले स्क्रू घे, आटे ब्रेक क्लीनरने धू, निळा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लाव आणि स्टीलच्या तारेने दोन्ही एकमेकांना बांध. स्विच काढताना आतल्या पिना आणि स्प्रिंगा उडतात, खाली हात धर. ऑइल फिल्टरचं उघडं तोंड आत इंजिनाकडे जातं. तो उलटा बसला तर तेलच बंद होतं. तेल १०डब्ल्यू-४०, जॅसो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचं मानक) शिक्क्याचंच, नाहीतर क्लच घसरेल. पहिल्या ५०० किमीनंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदल, जुना फिल्टर कापून आत धातूची चकाकी दिसते का बघ.

चालवण्याची सवयही बदलावी लागेल. ८० किमीला १४च्या स्प्रॉकेटवर इंजिन ३,३७५च्या आसपास असेल. तिथे पाचव्यात एक्सिलरेटर पिळू नकोस. हे हवा आणि तेलावर थंड होणारं इंजिन आहे, कमी आरपीएमला जोर मागितला की धडधडतं आणि तापतं. ९०च्या खाली चौथाच बरा. तुझ्या वाटेवर बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्या दरम्यान १४६.६ किमीचा सरळसोट रस्ता आहे. तिथे समोरून वारा असेल तर ११०चा हट्ट सोड आणि चौथ्यात शंभराने जा. पाठीमागून वारा असेल तेव्हा या पाचव्याचं खरं सुख कळेल.

जोडी हातात आली की आधी दोन्हीचे दात मोज आणि मला कळव. १८ आणि २४ भरले तरच इंजिनाला पाना लाव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय