ही खरखर कुणाची, असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर हातात आणून द्यायला हवं. तुमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान ठाण्याच्या नौपाड्यात, माझं घर कळव्यात, मध्ये फक्त खाडीवरचा पूल. पण समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे रे" म्हणता आणि सोल्डरिंगची इस्तरी हातात घेता. पैशांचंही तसंच झालं. बेल्टचे आणि कॅसेटच्या सांगाड्याचे तेवढे घेतलेत, मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत. म्हणून चारचौघांत लिहितोय. सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतील, मध्येच थांबवू नका त्यांना.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. ऐंशीच्या दशकात त्याचं जहाज अमेरिकेतल्या ओकलंडच्या बंदराला लागलं होतं, तेव्हा खाडी ओलांडून तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि एका दुकानातून एक कॅसेट घेऊन आला. 'द रेसिडेंट्स' या गटाचा रेडिओ कार्यक्रम. अल्बम नव्हे, कार्यक्रम: आपली ओळख आपणच करून द्यायची, आपलं संगीत आपणच ऐकवायचं, असा त्यांनी सत्तरच्या दशकात रेडिओसाठी तयार केलेला. पुढे तो कॅसेटवर विकायला आला.

ही मंडळी मूळची लुईझियानातली, नाव झालं ते सॅन फ्रान्सिस्कोत. 1972 साली त्यांनी राल्फ रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली आणि 1974 मध्ये पहिला अल्बम. वाजवणारे कोण, हे त्यांनी जाहीर केलं नाही. 1979 च्या 'एस्किमो' अल्बमपासून डोक्याच्या जागी भलामोठा डोळा, त्यावर उंच हॅट आणि अंगात टेलकोट हाच त्यांचा चेहरा झाला. बोलायचं असेल तर त्यांच्या वतीने क्रिप्टिक कॉर्पोरेशनची माणसं बोलायची. त्यातल्या हार्डी फॉक्स यांनी अगदी शेवटी शेवटी सांगितलं की बरंचसं संगीत आपलंच होतं; 2018 मध्ये ते गेले. 1976 च्या एका अल्बममध्ये या लोकांनी साठच्या दशकातली गाजलेली इंग्रजी गाणी घेतली आणि मोडून, वाकवून, एकमेकांत घुसवून दोन लांबलचक तुकडे केले. असलं संगीत कोणतं स्टेशन आपणहून लावेल? आणि ज्यांचा चेहराच नाही त्यांना मुलाखतीला तरी कोण बोलावेल? तेव्हा कार्यक्रमच तयार करून द्यायचा, हा मार्ग मला फार धीराचा वाटतो.

मामाने ती कॅसेट आम्हा भावंडांना ऐकवली तेव्हा आजी स्वयंपाकघरातून ओरडली होती की टेप बिघडलाय, बंद करा. मला मात्र ती आवडली. आता आम्ही तिघं मित्र मिळून स्वतःचं काही वाजवायला लागलो, तेव्हा ती पुन्हा ऐकायची ओढ लागली. पण एवढ्या वर्षांत कॅसेट पार गेली होती. एका दुकानात "हे सगळं आता नेटवर मिळतं, फेकून द्या" असं ऐकायला मिळालं. दुसऱ्या ठिकाणी घेतली, पण त्यांच्या डेकने फीत ओढली आणि चुरगळली. जी पाच-सात मिनिटं कॉम्प्युटरवर उतरली ती "क्लीन" करून दिली. त्यात माणसं पाण्याखालून बोलत होती. पार्श्वभूमीला आवाजाचा कणही नाही, अगदी गुळगुळीत. ऐकून मला रडू यायचं बाकी होतं.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही कॅसेट हातात घेतलीत, दिव्यासमोर धरलीत आणि आधी वास घेतलात. तो का, हे मी अजून विचारलेलं नाही. मग म्हणालात, "पॅड गेलंय. स्क्रू नाहीत, चिकटवलेली आहे. फोडावी लागेल." मी घाबरलो. तुम्ही मात्र ड्रॉवरमधून पाच स्क्रूची एक कोरी कॅसेट काढलीत, ती उघडून रिकामी केलीत आणि मगच मामाच्या कॅसेटच्या कडेवर पातं ठेवलंत. कट्ट असा आवाज झाला आणि दोन्ही अर्धी बाजूला झाली. आत फेल्टचा तो इवलासा चौकोन तळाशी पडला होता, डिंक वाळून सुटलेला. त्याच्यावाचून फीत हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकत नाही, आवाज दूर गेल्यासारखा येतो, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही दोन्ही रिळं चिमट्याने उचललीत, नव्या सांगाड्यात बसवलीत, चुरगळलेला भाग बोटाला गुंडाळलेल्या मऊ कापडाने सरळ केलात. ती फीत पावणेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि तुमची बोटं केवढी! तरी कुठे सुरकुती नाही की बोटाचा डाग नाही.

डेकचं काम त्याआधी करून ठेवलं होतंत. जुना बेल्ट वितळून डांबरासारखा पुलीला चिकटला होता तो खरवडला, फीत पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. मग टेप लावून हेडच्या बाजूचा तो बारीक स्क्रू केसभर फिरवत गेलात. आधी सगळं घोंगडीखालून आल्यासारखं, आणि मग एका जागी एकदम उघडलं: झांजेची किनार, बोलणाऱ्याचा स, श. "ज्या मशीनवर भरली त्याचं हेड जसं तिरकं असेल तसं आपलं करायचं. आपण त्याच्याकडे जायचं, त्याने आपल्याकडे नाही," असं तुम्ही म्हणालात. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

एवढं करणारे कारागीर आणखीही असतील, ठाण्यात नाही तर लॅमिंग्टन रोडला. माझे आभार त्यापुढच्या गोष्टीसाठी आहेत.

आवाज कॉम्प्युटरवर उतरला, पडद्यावर त्याची नागमोडी रेघ आली. खरखर काढायचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे, ते कसं चालतं हेही तुम्ही दाखवलंत: जिथे नुसतीच खरखर आहे तो तुकडा नमुना म्हणून द्यायचा, मग ते सगळीकडून तेवढं वजा करतं. माझ्या पाच-सात मिनिटांचं असंच वाटोळं झालं होतं. तुम्ही बटणावर बोट ठेवलंत, थांबलात आणि मला विचारलंत, "ही खरखर कॅसेटची की त्यांची?"

काका, या संगीताबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मित्रांनीही नाही. ज्याला हे संगीत आवडतही नाही (तुम्ही पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलंत की यात तुम्हाला सूर सापडत नाही), त्या माणसाने विचारला. आणि उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावला नाही. "त्यांचं दुसरं काही आहे का? ऐकव," म्हणालात. मी फोनवर 'एस्किमो' लावला. त्यात वारा वाहतच राहतो, गाणं कुठे सुरू झालं आणि वारा कुठे थांबला हे कळू नये असा. डोळे मिटून तुम्ही बराच वेळ ऐकलंत आणि म्हणालात, "वारा मुद्दाम भरणारी माणसं ही. यांची सूं सूं काढायची तर विचार करून काढायला हवी."

मग आपण दोघं बसलो आणि कार्यक्रम तुकड्यातुकड्याने ऐकला. फितीची सूं सगळीकडे सारखी असते, बोलणं थांबलं तरी चालू राहते, ती कॅसेटची. एका जागी गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी तेच गाणं अगदी बारीक ऐकू येत होतं. मला वाटलं, ही त्यांचीच काही करामत. तुम्ही सांगितलंत की फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेटोळ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यावर उमटतं, म्हणून आवाजाआधी त्याची सावली येते. तीही कॅसेटची. आणि एका ठिकाणी बोलणं तुटून संगीत अंगावर येतं, तिथे तुम्ही खुर्चीतून पुढे झालात. "हे तुटलेलं नाही. इथे ब्लेड लागलंय. बघ कसं अक्षरावर कापलंय!" तुमच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मला विसरता येणार नाही.

तुम्ही जाहिरातींच्या स्टुडिओत कामाला होतात हे मला तेव्हा कळलं. पाव इंची फीत, ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यातली तिरकी खाच आणि दाढीचं ब्लेड. विविध भारतीवर 1967 साली जाहिराती सुरू झाल्या, पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूरला. त्यापुढच्या वर्षांत नवा सिनेमा आला की त्याचा पंधरा मिनिटांचा प्रायोजित कार्यक्रम यायचा: दोन संवाद, मुखडा, निवेदकाचा आवाज, पुन्हा संवाद, आणि नेमकं उत्कंठेच्या जागी संपवायचं. अमीन सयानींच्या आवाजातले असे कार्यक्रम माझी आई अजून आठवते. तुम्ही असल्या कितीतरी कार्यक्रमांच्या फिती कापल्या आणि जोडल्या. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतल्या अनोळखी माणसाचं ब्लेड तुम्हाला कानाने ओळखता आलं. सूर सापडला नाही, पण हात सापडला.

त्यानंतर मी तुम्हाला 1980 ची गोष्ट सांगितली. रेसिडेंट्सनी एकेका मिनिटाच्या चाळीस गाण्यांचा 'कमर्शियल अल्बम' काढला. त्यांचं म्हणणं असं की लोकप्रिय गाण्यातली पुनरावृत्ती काढली तर खरं गाणं मिनिटभराचंच उरतं, आणि जाहिरातीचं जिंगलही मिनिटभराचंच असतं. मग त्यांनी केएफआरसी या तिथल्या गाजलेल्या स्टेशनवर जाहिरातीची चाळीस मिनिटं विकत घेतली आणि त्या जागी आपली चाळीस गाणी वाजवली. ही कला की जाहिरात, यावर 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या नियतकालिकाने अग्रलेख लिहिला. तुम्ही लगेच विचारलंत, "दर काय पडला?" मला सांगता आलं नाही. पण नंतर चहा पिताना तुम्ही स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणालात की आपण आयुष्यभर जाहिरातीत गाणं घुसवलं, यांनी गाण्यालाच जाहिरात केलं, पैसे मोजून. त्या दिवसापासून तुम्ही त्यांना "ते डोळेवाले" म्हणायला लागलात, आपल्या गल्लीतली माणसं असावीत तसं.

शेवटी तुम्ही मला दोन फाइली दिल्यात. एक जशीच्या तशी, हात न लावलेली. दुसरीत फितीची सूं थोडी खाली आणलेली, सावली जमेल तेवढी पुसलेली, आणि बाकी सगळं शाबूत. कुठे काय केलं याचा कागद सोबत, मिनिटा-सेकंदासह, तुमच्या त्या वळणदार अक्षरात. समासात तीन ठिकाणी लिहिलंय, "हे त्यांचं. ठेवलं." आम्ही तिघांनी तो कागद लॅमिनेट करून घेतलाय.

आमच्या स्वतःच्या कार्यक्रमाबद्दलही तुमचं ऋण आहे. आमचं वाजवणं म्हणजे भात्याला भोक पडलेली पेटी, वागळे इस्टेटमधल्या एका प्रेसचा ठोका, ठाणे स्टेशनवरची घोषणा आणि तिच्यावर रचलेली बासरी. त्याची ओळख करून देणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आम्ही रेडिओच्या धर्तीवर बांधत होतो. कच्चा आराखडा तुम्हाला ऐकवला तेव्हा प्रत्येक तुकड्याआधी आमचा निवेदक समजावून सांगत होता की हे जरा वेगळं आहे, सवय व्हायला वेळ लागेल, वगैरे. तुम्ही दुसऱ्याच निवेदनाला थांबवलंत. "जाहिरात करताय ना? मग माल दाखवा. माफी कशाला मागताय गिऱ्हाइकाची?" आम्ही निवेदन जवळजवळ सगळं काढलं. आता कार्यक्रम थेट प्रेसच्या ठोक्याने सुरू होतो, आणि आमचा निवेदक पहिल्यांदा बोलतो तो चौथ्या मिनिटाला, तोही एकच वाक्य. घोषणा कुठे कापायची हेही तुम्हीच दाखवलंत: "फलाट क्रमांक" झाल्यावर, आकड्याच्या आधी. आकडा ऐकायला माणूस कान देतोच, तिथे बासरी आणा म्हणालात. ते इतकं बरोबर बसलंय की आम्ही तिघं तो तुकडा पुन्हा पुन्हा लावतो.

तुमच्या दुकानावर "रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्ती" अशी पाटी आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आजोबांच्या आवाजाची, बारशाची, गल्लीतल्या गणपतीच्या आरतीची कॅसेट पडून असेल, तर ती "क्लीन" करायला देण्याआधी काकांसारख्या माणसाला विचारा. आरतीमागे ज्या भांड्यांचा आवाज येतो तो काढायचा की ठेवायचा, हे तुम्हाला विचारणारा माणूस शोधा. काकांचा पत्ता मात्र इथे देत नाही. त्यांनी तशी ताकीद दिली आहे, दुकानात आधीच पाय ठेवायला जागा नाही म्हणून.

आता कामाचं. आमच्या कार्यक्रमाची अंतिम प्रत पेन ड्राइव्हवर आणतोय. तुमचा तो जुना स्पूल डेक चालू असेल तर एकदा फितीवर भरून घ्यावी अशी आमची इच्छा आहे, फितीचा खर्च आमचा आणि या वेळी मजुरीसुद्धा. रविवारी मामा बदलापूरहून येतोय. त्याला कार्यक्रम तुमच्याच दुकानातल्या स्पीकरवर ऐकायचाय आणि तुम्हाला भेटायचंय. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा आलो तर चालेल का, ते कळवा. आणि मूळ कॅसेट परत करायची घाई करू नका. मामाचं म्हणणं आहे की ती आता तुमच्याकडेच राहावी, फोडलेल्या जुन्या सांगाड्यासकट.

आपला नम्र,
कळव्याचा, 'डोळेवाल्यां'ची कॅसेट घेऊन आलेला