प्रोसिडिंगवरची सही आणि राज्यशास्त्राचे बारा गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २६ जूनला कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला अभिवादन करताना सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा उल्लेख हटकून होतो, आणि तो व्हायलाच हवा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले याच आशयाचे विधेयक इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. करवीर संस्थानाने मात्र १९१७ मध्ये कायदा करून मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. (बडोद्याने हे आपल्या आधी केले होते, हे आम्हा कोल्हापूरकरांना सांगितलेले फारसे रुचत नाही.) दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व जातींची मुले एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

त्या काळी सरकार पालकाच्या दारात दंडाची पावती घेऊन येत होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हे नाते उलटे केले. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, शाळेचा विकास आराखडा या समितीने करावा व अनुदान कुठे खर्च होते यावर तिने लक्ष ठेवावे, असे हा कायदा सांगतो. ज्या बाईने आयुष्यात कधी कोणत्या कार्यालयात खुर्चीवर बसून प्रश्न विचारला नाही, तिला तो अधिकार पहिल्यांदा मिळतो तो गावच्या शाळेत.

प्रत्यक्षात काय घडते, ते माझ्या घरीच पाहिले. माझी सून गावातील शाळेच्या समितीवर सदस्य आहे. एके दिवशी शाळेचा शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरी आला आणि न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही मागू लागला. आधीच्या पानांवरही तिच्या सह्या होत्या, आणि त्यातल्या दोन माझ्या मुलाने केलेल्या होत्या! या वेळी तिने वही ठेवून घेतली, रात्री वाचली, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती ‘पूर्ण’ असल्याचे त्यात वाचून दुसऱ्या दिवशी सही न करताच परत केली. स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी नाही, हे तिला माझ्या नातीकडून ठाऊक होते. वर्गात मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. ते घरात घडताना मात्र तेव्हाच पाहिले, आणि इतकी वर्षे त्या सह्यांकडे माझेही लक्ष गेले नव्हते, हे कबूल केलेले बरे.

दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ गुण येतात, आणि तेवढ्यासाठी मुले ग्रामसभेची व्याख्या पाठ करतात. ग्रामसभेला मात्र त्यांना कोणी नेत नाही. शिकला की माणूस जागरूक नागरिक होतो, हे समीकरण मला मान्य नाही. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, तरीही घटनाकारांनी प्रत्येक प्रौढाला मत दिले आणि त्या निरक्षर मतदारांनी पहिली निवडणूक पार पाडली. उलट न वाचता सही करण्याची सवय आम्हा शिकलेल्यांनाच अधिक जडली आहे.

म्हणून जिल्हा परिषद व महानगरपालिका प्रशासनाला माझी एकच विनंती आहे. समितीच्या प्रत्येक बैठकीची तारीख व विषय आठवडाभर आधी शाळेच्या फलकावर लावावेत, मागच्या बैठकीचे इतिवृत्त आरंभी मोठ्याने वाचावे, आणि सातवी-आठवीच्या मुलांना मागे बसून ते ऐकू द्यावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. वेळ मात्र बदलावी लागेल, कारण सकाळी अकराच्या बैठकीला भांगलणीला गेलेल्या आया येऊ शकत नाहीत. सुनेने सायंकाळी सहाची वेळ लेखी मागितली आहे. शाळेकडून अद्याप उत्तर आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. करवीर, जि. कोल्हापूर