वस्तू उलटी करून बघायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकाजवळच्या वाड्यातल्या लाकडी सामानाची यादी तुमच्यामुळे पुरी झाली, त्याबद्दल आम्हा सगळ्यांतर्फे मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक उतरवले जात असताना घरोघरी हाच प्रश्न पडलाय: हे कपाट, हा पलंग, ही खुर्ची नक्की किती जुनी? भंगारवाला सांगतो पन्नास-साठ वर्षं, दुकानदार सांगतो पेशवाईतली, आणि दोघांपैकी कुणीही वस्तू उलटी करून बघत नाही.

तुम्ही सुरुवातीलाच बजावलंत की लाकडाचं वय वेगळं आणि वस्तूचं वय वेगळं. नाशकात हे फार महत्त्वाचं आहे. उतरवलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब, चौकटी वखारीत जातात आणि त्यांतून नवी टेबलं, बाकं, कपाटं बनतात. साग दीडशे वर्षांचा, टेबल गेल्या वर्षीचं. अशा वस्तूच्या पोटाखाली विनाकारण भोकं दिसतात, जिथे आज काहीच बसत नाही तिथे रिकामी खाच सापडते. किडीची खूण तर जवळजवळ पक्की. भुंगा लाकडातून बाहेर पडतो तेव्हा पृष्ठभागावर फक्त लहानसं गोल भोक दिसतं. त्याचं आतलं वेडंवाकडं बीळ लांबच लांब उघडं पडलेलं दिसलं, तर किडलेलं जुनं लाकूड नंतर कुणीतरी कापलंय. आणि सागाच्या गाभ्यात भुंगा सहसा शिरतच नाही, तो कडेच्या पांढऱ्या लाकडात असतो. गाभ्यावर सरळसोट, एकसारखी भोकं दिसली तर ती ड्रिलची समजावीत.

खणाचा धडा आम्ही आता प्रत्येक नव्या माणसाला तुमच्याच क्रमाने देतो. खण पूर्ण बाहेर काढायचा, रिकामा करायचा, पालथा घालायचा. टॉर्च वरून मारायचा नाही, फळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे हत्याराच्या खुणांच्या सावल्या पडतात. सरळ पण अंतर कमीजास्त असलेल्या रेघा म्हणजे हातकरवत. कमानीसारख्या वळलेल्या रेघा म्हणजे गोल पात्याची यंत्रकरवत. बोट फिरवल्यावर हलक्या लाटा लागल्या तर हातरंधा. मग कोपऱ्याचा डव्हटेल सांधा, म्हणजे पंख्यासारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेला सांधा, बघायचा. हाताने कापलेल्यात दात कमी, रुंदीला कमीजास्त आणि दातांमधले भाग निमुळते असतात. शेजारी आखणीची बारीक रेघ राहिलेली असते. सगळे दात एका मापाचे, एका अंतरावर असले तर यंत्र, म्हणजे फार तर एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, आपल्याकडे बहुधा त्याच्याही नंतरचं. शेवटी खणाच्या बाजूंची खालची कड. वर्षानुवर्षं ओढलेल्या खणाची ती कड घासून उताराची झालेली असते, आणि कपाटाच्या आतल्या पट्टीवर नेमकी तेवढीच झीज हवी. एकीकडे झीज आणि दुसरीकडे धारदार कोपरा, म्हणजे खण दुसऱ्या कपाटातून आलाय.

या सगळ्यामागचा तुमचा नियम आम्ही यादीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. यंत्राची खूण सांगते की वस्तू यापेक्षा जुनी नाही. हाताच्या खुणेने मात्र जुनेपण सिद्ध होत नाही. इंग्लंडमधल्या तारखा इथे तशाच लावल्या की गल्लत होते ती इथेच. आपल्याकडे दोघांनी ओढायची मोठी करवत, पटाशी आणि हातरंधा विसाव्या शतकातही रोजच्या वापरात होते. त्यामुळे वस्तूतला सर्वांत नवा पण मूळचा भाग शोधायचा आणि तिथून मोजायला लागायचं.

मूळचा की दुरुस्तीचा, हे बहुतेक वेळा लोखंड सांगतं. घडीव खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता, डोक्यावर हातोडीचे ठोके असलेला. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. जुन्या स्क्रूचं टोक बोथट, आटे असमान आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली. यंत्राने केलेले टोकदार स्क्रू १८५० च्या आसपास आले. डोक्यावर फुलीची खाच असलेले स्टार स्क्रू १९३० च्या दशकाआधी नव्हतेच. पण एक बिजागरी काढून निकाल द्यायचा नाही, हे तुम्ही किती वेळा बजावलंत! स्क्रू काढल्यावर जवळच दुसरी, बुजवलेली भोकं आहेत का ते बघायचं. आहेत, तर बिजागरी बदललीय आणि स्क्रूची तारीख बिजागरीपुरतीच. भोक एकच आहे, आत लाकूड काळवंडलंय आणि बिजागरीची सावली लाकडावर हुबेहूब तेवढीच उमटलीय, तर ती मूळची.

गोल टेबलाची परीक्षा इतकी साधी आहे की कुणीही घरी करावी. लाकूड त्याच्या अंगच्या उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. म्हणून जुनी अखंड लाकडाची गोल फळी किंचित लंबगोल होते. वाड्यातल्या टेबलाचा व्यास रेषांच्या दिशेने ९१४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ३६ इंच भरला, आडवा ९०८. कातीव पायांनाही कॅलिपर लावून दोन बाजूंनी मापायचं. प्लायवुडवर किंवा विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलेल्या फळीवर मात्र ही परीक्षा चालत नाही.

गोदाकाठच्या घरांसाठी तुम्ही सांगितलेली खूण कुठल्याच परदेशी पुस्तकात मिळणार नाही. चारही पायांवर एकाच उंचीला पुसट डागाची रेघ असेल तर सामान पुरात उभं होतं. पाण्याने सरस सुटतो, सांधे ढिले होतात आणि मग दुरुस्ती होते. सांध्यातून तपकिरी, काचेसारखा तडकणारा सरस डोकावत असेल तर सांधा जुना. कोमट पाण्याचा थेंब ठेवला की हा जुना सरस चिकट होतो. पांढरट, रबरासारखा थर फेविकॉलचा, आणि फेविकॉल १९५९ चं.

पॉलिशचं थोडक्यात: दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा दहा-पंधरा सेकंद टेकवायचा. तपकिरी रंग बोळ्यावर आला तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही आधुनिक पॉलिशं, म्हणजे वस्तू नंतर घासलेली. यातून पॉलिशचं वय कळतं, लाकडाचं नाही. मशीनने घासून चकचकीत केलेली शिसवी खुर्ची बघून आम्हाला वाईट वाटतं. हत्याराच्या खुणा, हाताने आलेला गुळगुळीतपणा, सगळा पुरावा त्या भुश्यात जातो.

शैली तुम्ही मुद्दाम शेवटी घेतलीत, आणि तेच बरोबर. नमुना पाहून सुतार पन्नास वर्षांनीही तीच खुर्ची करतो. तरी काही गोष्टी ठरवता येतात. शिसवीची खोल, आरपार जाळीदार पानाफुलांची कोरीव कोचं म्हणजे मुंबईचं ब्लॅकवुड काम, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भरात असलेलं. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाल्यावर असलं जड सामान नाशकात आणणं सोपं झालं. हाताच्या कोरीवकामात डावं-उजवं पान कधी तंतोतंत जुळत नाही. राउटरची, म्हणजे कोरायच्या यंत्राची, खाच सगळीकडे एका खोलीची असते. देवळाली कॅम्पच्या बंगल्यांतून आलेल्या, दोन भागांत सुटणाऱ्या आणि पितळी कोपऱ्यांच्या लष्करी पेट्यांना लोहचुंबक लावायचा: चिकटला तर पितळेचा फक्त मुलामा. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचा मूळ नमुना थोनेट या युरोपातल्या खुर्च्या बनवणाऱ्याचा, १८५९ चा. पण पेटंट १८६९ ला संपल्यावर अनेकांनी ती केली. बैठकीच्या रिंगणाच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा कागदी चिठ्ठी असते. आपल्या यादीतल्या खुर्चीवर ‘चेकोस्लोव्हाकिया’ वाचता आलं. तो देशच १९१८ चा, त्यामुळे "आजोबांच्या आजोबांची" ही घरची समजूत आपोआप निकालात निघाली. गोलाई दिलेल्या कोपऱ्यांची, पायऱ्यापायऱ्यांच्या रेषांची विनियरची ड्रेसिंग टेबलं १९३०-४० च्या आर्ट डेको या सजावटीच्या शैलीच्या लाटेतली. ती शंभरीची नाहीत म्हणून फेकू नका, हे तुम्ही मालकांना परोपरीने समजावलंत आणि ती वाचली.

यादीची एक प्रत सोबत पाठवत आहोत. प्रत्येक वस्तूपुढे "यापेक्षा जुनी नाही" आणि "कशावरून" असे दोन रकाने आहेत. मोठ्या कपाटापुढचा पहिला रकाना रिकामा ठेवलाय. त्याची मागची फळी कारागीर बदलणार होते, ते काम मालकांनी थांबवलं आहे. तुमची सवड कळवा. कपाट भिंतीपासून पुढे ओढून, खण काढून ठेवतो.

आपले नम्र,
वाड्यातल्या सामानाची नोंद करणारे आम्ही सर्व
नाशिक